मालकांची जीभ

त्या घरात लोणचं बाथरूममध्ये खावं लागे. दार लावून, नळ सोडून, उभ्याउभ्या. खाणारी बाई चोर नव्हती, घरची मालकीण होती. नवऱ्याचा गोळ्यांचा कारखाना होता, ट्रकवर नवऱ्याच्या बापाचा हसरा फोटो होता, पोरासोरांच्या खिशात त्यांच्या गोळ्यांचे कागद होते. आणि ही बाई फिनेलच्या बाटलीमागे लपवलेल्या बरणीत बोट बुडवून मिरचीचं लोणचं चाटत असे. मग दात घासायचे, चुळा भरायच्या, हात साबणानं दोनदा धुवायचे आणि निरागस तोंड करून बाहेर यायचं. कारण बाहेर जीभ बसलेली असे.

जीभ म्हणजे मालकांची जीभ. कारखान्यात पाकाचा कुठलाही घाणा तिच्यावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. तिला जपायचं म्हणून घरात कांदा नाही, लसूण नाही, मिरची-मिरी नाही, गरम चहा नाही, फोडणीचा धूर नाही. मालकांनी खायचं नाही एवढंच असतं तर एकवेळ चाललं असतं. पण वास उडतो, म्हणून कुणीच खायचं नाही. उकडलेला बटाटा, उकडलेला भोपळा, उकडलेला भात. आजाऱ्याला देतात ते जेवण त्या घरात धडधाकट माणसं वर्षानुवर्षं जेवत होती, आणि त्याला शिस्त म्हणत होती.

लग्न ठरताना सासूनं तिला विचारलं होतं, "तिखट खातेस का गं?"

ही वेडी हसून म्हणाली, "भरपूर!"

सासूनं मुलाकडे बघितलं, मुलानं छताकडे बघितलं. चार दिवसांनी होकार आला, अटीसकट. तेव्हापासून ती वहिनी झाली. धाकटा दीर वहिनी म्हणायचा म्हणून कामगारही म्हणू लागले, मग वाण्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळेच. मालक तिला काहीच म्हणत नसत. "ऐकलं का" म्हणत, आणि स्वतः ऐकत नसत.

आता मालकांबद्दल. छापून येतं ते सोडून.

मालकांचा बाप एका मागच्या खोलीत गोळ्या करायचा. एक तांब्याची कढई, एक संगमरवरी फरशी, भिंतीत ठोकलेला एक लोखंडी आकडा. त्या आकड्यावर पाक टाकून तो ओढायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा, काचेसारखा पाक रेशमासारखा होईपर्यंत. म्हाताऱ्याला मोठी खोड होती. खिडकीतून जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक मारून तुकडा द्यायचा. "खा रे, सांग कशी झालीय." पोस्टमन सांगायचा, झाडूवाली सांगायची, शाळेतली पोरं तर रांग लावून सांगायची. त्या सगळ्यांच्या तोंडावर म्हाताऱ्याचा धंदा चालला होता, आणि ते त्याला माहीत होतं.

थोरल्या मुलाला याची शिसारी होती. बाप थकल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते खिडकी विटांनी बुजवण्याचं. दुसरं काम, बापालाच मागच्या खोलीत घातलं, आणि तो मेल्यावर त्याचा फोटो डब्यावर. पुढं मग घोडा उधळला. शेजारच्या गावातल्या कारखान्याचा इसेन्सवाला फोडून आणला आणि काम झाल्यावर हाकलला. खऱ्या लिंबाच्या जागी लिंबूसत्व आलं, लिंबूसत्वाच्या जागी आणखी काहीतरी आलं. गोळी दरवर्षी थोडी लहान झाली आणि कागद थोडा मोठा. यंत्रं धाकट्यानं जुळवली. पाक लाटणारं, दोरी ओढणारं, कागदाला पीळ घालणारं. मानपत्रं थोरल्यानं घेतली.

आणि त्यानं नियम केला, चाखायचं एकट्या मालकांनी. कामावर दुसऱ्या कुणी गोळी तोंडात टाकली तर त्याच दिवशी घरी. सुट्टीच्या भोंग्यानंतर फाटकाशी बाया रांगेनं उभ्या राहत आणि वॉचमनला तोंड उघडून जीभ काढून दाखवत. दिवसभर गोळ्यांना कागद गुंडाळणाऱ्या बाया! त्यांच्या पोरांना विचारलं असतं, आईच्या कारखान्यातली गोळी कशी लागते, तर ती म्हणाली असती, आईला माहीत नाही.

सकाळी मालक शेडमध्ये येत. पहिला घाणा फरशीवर ओतलेला असे. भट्टीवाला, ज्याला सगळे थर्मामीटर म्हणत, कात्रीनं एक तुकडा कापून गार करून पुढे धरी. मालक डोळे मिटत. यंत्रं बंद. एवढी माणसं श्वास रोखून एका माणसाच्या गालाकडे बघत उभी राहत. मग मालक म्हणत, "जाऊ द्या." नाहीतर म्हणत, "ओता." ओता म्हटलं की तो अख्खा घाणा पाण्याच्या हौदात. कशाला, काय चुकलं, विचारायचं नाही. जिभेला कारण विचारत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मालकांना ताप आला. नाक गच्च, डोकं जड, आठवडाभर अंथरुणात. ताप उतरला, मालक उठले, तसेच ताठ, तसेच खडूस. एक दिवस वहिनींनी घाईत त्यांच्या कोमट चहात साखरेऐवजी मीठ घातलं. कप गेल्यावर लक्षात आलं. धावत बाहेर आल्या तर मालक पेपर वाचत शेवटचा घोट घेत होते.

"झाला का चहा?" वहिनींनी विचारलं.

"झाला. रोजच्यासारखा." वर म्हणाले, "जरा गोड कमी घालत जा."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून हसल्या. लाज कशाला वाटायची? आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपळ्यात लसूण घातला. सगळं घर दरवळलं. मुलगा, ज्याला ऑफिसात पाठीमागे चिरंजीव म्हणत, त्यानं ताटावरून मान वर केली आणि पटकन खाली घातली. सुनेनं दोनदा वाढून घेतलं. मालक म्हणाले, "भोपळा बरा शिजलाय."

वहिनींना वाटलं, संपलं. जीभ मेली. आता हा माणूस घरी बसेल, आणि घरात माणसांचं जेवण शिजेल.

मालक घरी बसले नाहीत. त्यांनी नातीचा हात धरला.

नात, भिंगरी. नावाप्रमाणे एका जागी न ठरणारी, बोबडं बोलणं नुकतंच सुटलेलं, शाळेत पहिल्या वर्गात. एका रविवारी ती खेळताखेळता म्हणाली, "आजोबा, ही पिवळी गोळी कालच्या पिवळीसारखी नाहीये. ही शाईसारखी लागते." धाकट्यानं चौकशी केली तर खरंच रंगाची बाटली बदलली होती. मालकांनी नातीला मांडीवर घेतलं. त्या घरात त्यांनी कुणाला मांडीवर घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आजोबांबरोबर शेडमध्ये. "आमच्या घराण्याची जीभ हिच्याकडे आलीय," मालक सगळ्यांना सांगत. तुकड्याचे दोन भाग होऊ लागले, अर्धा नातीला, अर्धा आजोबांना. बघणाऱ्यांचे डोळे भरून येत. बोट धरून उभी असलेली पोर आणि डोळे मिटलेला म्हातारा. वितरकांनी फोटो काढले. कॅलेंडरवर छापले.

भिंगरीच्या डब्यातून चटणी गेली, मग पराठा गेला, मग सगळंच गेलं. शाळेत मैत्रिणींच्या डब्याला हात लावायचा नाही, नाहीतर जीभ बिघडेल. पोर मधल्या सुट्टीत उकडलेला बटाटा घेऊन एकटी बसे. घरी येऊन रडे. आणि जेवणाच्या जागी दिवसभर गोळ्या. सकाळचा घाणा, नवीन रंग, नवीन वास, नवीन आकार. सगळं तिच्या तोंडातून.

एका संध्याकाळी ती गाल धरून किंचाळली. वहिनींनी तिला दिव्याखाली नेऊन तोंड उघडायला लावलं. दाढा काळ्या, हिरडी सुजलेली.

"कधीपासून दुखतंय गं?"

"खूप दिवस. आजोबा म्हणाले सांगायचं नाही. आमचं गुपित आहे."

"दात दुखतो हे गुपित?"

"नाही गं आज्जी! बोटाचं गुपित. गोळी चांगली असली की मी आजोबांचं बोट धरून ठेवायचं. वाईट असली की सोडायचं. मग ते ओता म्हणतात." पोर हुंदके देतादेता अभिमानानं म्हणाली, "त्यांना काहीच कळत नाही. सगळं मीच सांगते."

वहिनी तडक सुनेच्या खोलीत गेल्या. सून आरशापुढे बसून नखं रंगवत होती.

"पोरीचे दात बघितलेस?"

"बघितले, आई." सुनेनं फुंकर मारली. "डॉक्टर म्हणाले काढावे लागतील. लिंबाच्या गोळीचं उद्घाटन झालं की नेऊ."

"ती गोळ्या खाऊन सडतेय."

"दुधाचेच आहेत. पडणारच."

सून ब्रश खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "तुम्हाला राग येतो, कळतं मला. पण ज्याच्याकडे जीभ त्याच्याकडे कारखाना, हा नियम तुमच्याच घरचा ना? धाकटे काका टपून बसलेत. उद्घाटनाला बाबांनी सगळ्यांसमोर भिंगरीचं नाव घेतलं, की आमचं पक्कं झालं. चार दात गेले तर गेले."

सून वाईट नव्हती. ती त्या घरात शिकली होती, इतकंच.

रात्रीच्या जेवणाला मालकांनी स्वतःच विषय काढला. "उद्घाटनानंतर हिची शाळा बंद. घरी मास्तर येईल. सकाळी शाळा आणि सकाळीच घाणा, ओढाताण होते."

"कुणाची?" वहिनींनी विचारलं.

"ऐकलं का, वाढ."

"ओढाताण कुणाची होते, विचारलं मी. तिची का तुमची?"

मालकांनी तोंड पुसलं. "माझ्या जिवावर खातेस आणि मलाच प्रश्न विचारतेस?"

"काय खाते? उकडलेलं!"

"त्याच उकडलेल्यावर हे घर उभं आहे."

"घर पोरीच्या बोटावर उभं आहे. तुमच्या जिभेला तर मीठसुद्धा कळत नाही."

मालकांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग ते हसले. त्यांचं हसणं म्हणजे दुसऱ्याला कमी लेखायची तयारी असे. "जा. सांग कुणाला सांगायचंय ते. बाथरूममध्ये लोणचं चोरून खाणाऱ्या बाईचं कोण ऐकतंय ते बघू."

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं वास घेऊन गप्प बसले होते, वेळ आली की काढायला.

वहिनी दुसऱ्या दिवशी दिराकडे गेल्या. धाकटा शेडच्या मागं यंत्राखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. नुसते पाय दिसत होते. वहिनी त्या पायांशी बोलल्या.

"भाऊजी, तुमच्या भावाला चव लागत नाही."

पान्याचा आवाज थांबला नाही. "हं."

"हं काय? खरं सांगतेय. ताप आला तेव्हापासून. पोरीच्या तोंडून चाखतात."

धाकटा सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस, कपाळावर आठी. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं, आम्ही आंधळे आहोत? पोरीनं बोट सोडलं की दादा ओता म्हणतात, हे शेडमधल्या मांजरालाही कळतं."

"मग बोलत का नाही?"

"बोलून? उद्या वितरकांना कळलं की जीभच गेली, तर आपल्या गोळीत आणि दुसऱ्याच्या गोळीत फरक काय उरला? साखर तीच, रंग तोच. लोक जिभेचे पैसे देतात. चाललंय ना? चालू द्या."

"आणि पोर?"

धाकट्यानं हात फडक्याला पुसले. "वाईट वाटतं हो. पण ती चिरंजीवांची पोर. त्यांना नाही वाटत, तर मी कोण? मी बोललो तर म्हणतील काका जळतो."

"जळता ना?"

"जळतो की!" तो पुन्हा यंत्राखाली गेला. आतून म्हणाला, "पण पोरीचं खरंच वाईट वाटतं."

असं होतं ते घर. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि प्रत्येकाची सोय बघून प्रत्येक जण मूग गिळून बसला होता. वहिनींना वाटत होतं आपल्या हातात बॉम्ब आहे. पण तो केव्हाच फुटून सगळ्यांच्या खिशात पडलेला होता, थंडगार.

घरी येऊन त्या स्वयंपाकघरात बसल्या. सवयीनं एक गोळी तोंडात टाकली, कालच्या घाण्यातली, घरी येणाऱ्या डब्यातली. लिंबाची. आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या मनात आपोआप आलं की पाक किंचित जास्त चढलाय, आणि आंबटाची पूड उशिरा पडलीय, पाक गार व्हायला लागल्यावर. हे त्यांना रोज कळायचं. कुणी विचारत नव्हतं म्हणून त्याला कधी काही म्हणायची वेळ आली नव्हती. जिभेसाठी जे जेवण शिजत होतं ते एकटे मालकच जेवले नव्हते. बोटभर लोणचं सोडलं तर ह्या बाईनंही लग्नापासून तेच खाल्लं होतं.

गोळी विरघळेपर्यंत त्या तशाच बसल्या. मग उठल्या आणि दातांच्या डॉक्टरला फोन लावला.

उद्घाटन मोठं होतं. मालकांच्या बापाच्या नावानं जुनी लिंबाची गोळी पुन्हा बाजारात यायची होती. शेड धुऊन काढली होती, वितरकांना खुर्च्या, डोक्यावर सगळ्यांना प्लास्टिकच्या टोप्या. मालकांनी तुकडा चाखायचा, जाऊ द्या म्हणायचं, मग पहिल्या गोळ्या वितरकांना वाटायच्या आणि भिंगरीच्या नावाची घोषणा करायची. थर्मामीटर पहाटेपासून भट्टीशी होता. घाणा फरशीवर पडला, पिवळाधमक, काचेसारखा. कात्री चालली.

"भिंगरी कुठाय?" मालकांनी हळूच विचारलं.

सून म्हणाली, "आईंबरोबर आहे." मग चिरंजीवांना म्हणाली, "आई कुठायत?"

वहिनी तेव्हाच शेडच्या दारातून आत आल्या. एका हातात भिंगरी. भिंगरीचा एक गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, लाळ गळतेय, डोळे रडून लाल.

सुनेच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

"दाढा काढल्या," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "किडल्या होत्या. तोंड सुन्न आहे. आज हिला गोळी आणि खडा सारखाच." त्यांनी भिंगरीला साखरेच्या पोत्यांवर बसवलं आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मालकांच्या कपाळावर घाम आला. टोपीखालून तो कानापर्यंत ओघळला. वितरक बघत होते. थर्मामीटर तुकडा पुढे धरून उभा होता. त्याचा हात लांब होऊन थकला होता.

"तुझं कारस्थान आहे हे," मालक ओठ न हलवता म्हणाले.

"माझं बोट धरा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"पोरीचं धरता तसं. मी चाखते. चांगलं असलं तर धरून ठेवते. लोक बघतायत, हसा जरा."

दुसरा मार्ग नव्हता. मालक हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आज नातीच्या जागी तिची आज्जी!" टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत बायकोचा हात धरला.

तुकड्याचे दोन भाग झाले. वहिनींनी डोळे मिटले नाहीत. गोळी जिभेवर ठेवली आणि गालात फिरवली.

ती गोळी अप्रतिम होती. पाक नेमका चढलेला, लिंबू आधी टोचून मग मागं राहणारं, गोडी अंगावर न येणारी. म्हाताऱ्या सासऱ्याच्या हाताची आठवण व्हावी अशी. थर्मामीटर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्यालाही ठाऊक होतं आज जमलंय. त्याच्याबद्दल वहिनींना वाईट वाटलं. नवऱ्याबद्दल नाही.

त्यांनी बोट सोडलं.

मालक दचकले. मग सवयीनं मान ताठ झाली. "ओता."

शेडमध्ये कुजबुज झाली. थर्मामीटर जागच्या जागी उभा. धाकटा पुढं झाला. "दादा, अहो, नवीन माल—"

"ओता म्हणालो ना."

घाणा हौदात गेला, चर्र झालं, वाफ उठली. एक जाडा वितरक शेजाऱ्याला म्हणाला, "बघा, याला म्हणतात कडक माणूस. आपल्यासमोर ओतला." मालकांच्या छातीत हवा भरली.

दुसरा घाणा आला. पहिल्यासारखाच उत्तम. वहिनींनी चाखला आणि बोट सोडलं.

आता मालकांनी बायकोकडे बघितलं. बायकोचा चेहरा फरशीसारखा. जाऊ द्या म्हणावं, तर दोन मिनिटांत गोळी इतक्या तोंडांत जाणार. खरंच बिघडलेली असली तर सगळं संपलं. आणि न म्हणावं, तर का? स्वतःच्या तोंडातला तुकडा ते दातांनी फोडत राहिले, जणू कडकडा फोडल्यावर आत काहीतरी सापडेल. काही सापडलं नाही.

"ओता," ते म्हणाले. या वेळी कुणी कौतुक केलं नाही. चिरंजीव घड्याळ बघू लागले. सून नखं खाऊ लागली, रंगासकट.

तिसऱ्या घाण्याला वेळ लागला. थर्मामीटर रडकुंडीला आलेला, त्यानं कढईसुद्धा बदलली. तुकडा आला तेव्हा मालक वहिनींच्या कानाशी वाकले. बघणाऱ्यांना वाटलं म्हातारा-म्हातारी काहीतरी प्रेमाचं बोलतायत.

"खोटं बोलतेस तू."

"असेन."

"माल चांगला आहे."

"मग म्हणा जाऊ द्या. तुमचीच जीभ."

"काय पाहिजे तुला?"

"पोर शाळेत जाईल. पूर्ण दिवस. डब्यात तिला हवं ते. शेडमध्ये पाय ठेवणार नाही."

"घरी गेल्यावर बोलू."

"घरी तुम्ही ऐकत नाही." वहिनींनी तुकडा तोंडात टाकला. "इथे बोला, मोठ्यानं. भट्टीपुढे बोललेलं तुम्ही आजवर फिरवलेलं नाही. ज्या घाण्यांना ओता म्हणालात त्यातला एकही परत घेतला नाहीत."

मालकांनी बायकोचं बोट गच्च धरलं, सुटू नये म्हणून. हाड दुखेल इतकं. वहिनींनी ते सावकाश, एकेक पेर ओढत सोडवून घ्यायला सुरुवात केली. सगळी शेड त्या दोन हातांकडे बघत होती. गुपित कामावरच्या सगळ्यांना ठाऊकच होतं. बोट सुटलं की काय होतं हेही ठाऊक होतं. धाकटा तोंडावर हात घेऊन उभा होता. तो हसत होता की रडत होता कळत नव्हतं.

"थांब," मालक म्हणाले. मग सगळ्यांकडे वळले. "एक सांगायचंय."

चिरंजीव सरसावले. सुनेनं केस नीट केले.

"नात लहान आहे. तिची शाळा आहे. ती... ती काही इथं येणार नाही आता." त्यांनी टोपी मागं सारली. "आजपासून चाखणी हिची." आणि बायकोकडे बोट केलं. नाव घ्यायला गेले असावेत, पण नाव घ्यायची सवय नव्हती. "वहिनींची," ते म्हणाले. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणणारा नवरा त्या शेडनं पहिल्यांदा पाहिला. मागं एक बाई फस्सकन हसली.

वहिनींनी तोंडातला तुकडा संपवला. घाई केली नाही. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

यंत्रं सुरू झाली. गोळ्या वाटल्या गेल्या. वितरक चघळत, माना डोलावत म्हणाले, आता कुठे जमली, आधीच्या दोन घाण्यांत नक्कीच काहीतरी होतं बुवा.

सून पोत्यांपाशी येऊन दात आवळून म्हणाली, "आई, तुम्ही आमचं वाटोळं केलंत."

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि भिंगरीला उचललं. पोर जड झाली होती, किंवा त्याच थकल्या होत्या.

मालक ऑफिसच्या दारात वाट बघत उभे होते. टोपी काढलेली, केस घामानं चिकटलेले. इतके म्हातारे ते सकाळी नव्हते.

"खरं सांग. पहिला घाणा वाईट होता?"

"उत्तम होता. दुसराही. तुमच्या वडिलांनी खिडकीतून हाका मारून वाटला असता."

"सांगतो सगळ्यांना. ही बाई खोटं बोलून माल ओतायला लावते, आत्ता सांगतो."

"सांगा की." वहिनींनी भिंगरीच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "कशावरून म्हणाल? चाखून?"

मालकांनी हातातली टोपी पुन्हा डोक्यावर ओढली.

भिंगरी कापसातून काहीतरी पुटपुटली. वहिनींनी कान तिच्या तोंडाशी नेला. उद्या चित्रकलेचा तास आहे, रंगपेटी शेडमध्येच राहिलीय, असं ती म्हणत होती. वहिनी रंगपेटी आणायला आत गेल्या.